जुन्या लॅपटॉपला कोणती हलकी ओएस (ऑपरेटिंग सिस्टम) टाकायची? आधी मशीन बघा, मग काम बघा, मग ठरवा

मावशीचा लॅपटॉप २०१२ सालचा. दुसऱ्या जनरेशनचा आय थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क आणि त्यावर विंडोज १०. दिवाळीत तिच्याकडे गेलो तर म्हणाली, "अरे बटण दाबते, चहा टाकते, चहा उकळून गाळून होतो तरी याचं ते गोल गोल फिरणं काही थांबत नाही." मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बघितलं, बटण दाबल्यापासून तिच्या बचत गटाची हिशोबाची शीट उघडेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद लागले. कान लावला तर आतून हार्डडिस्कचा खर्र खर्र आवाज सतत चालू. दुकानात तिला सांगितलं होतं की हा आता भंगारात द्या, नवीन घ्या. तो लॅपटॉप आज रोज वापरात आहे, त्यामुळे हे सगळं नीट लिहून काढतोय, कारण घराघरांत कपाटावर असे लॅपटॉप पडून आहेत आणि त्यातले बरेचसे अजून चांगली चार-पाच वर्षं काम देतील.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक सगळे लॅपटॉप बाहेर. जुगाड करून ११ टाकता येतं, पण ४ जीबी रॅम आणि हार्डडिस्कवर ते वापरणं म्हणजे स्वतःचा छळ आहे. मग उरतं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची ओएस, किंवा काही लोकांसाठी क्रोमओएस फ्लेक्स. आणि इथेच माणूस गोंधळतो, कारण लिनक्सच्या शेकडो डिस्ट्रो, म्हणजे वेगवेगळ्या तयार आवृत्त्या, आहेत आणि जो तो आपलीच भारी म्हणतो.

माझं म्हणणं असं आहे की सगळ्यात हलकी ओएस शोधत बसायचंच नाही. तुमचं मशीन काय आहे आणि त्यावर काम काय करायचंय हे कागदावर आलं की ओएस आपोआप दोन-तीन नावांवर येते.

मशीनची कुंडली काढा

विंडोज चालू असतानाच हे करून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्स टॅबवर जा. सीपीयूवर क्लिक केलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, ते जसंच्या तसं लिहून घ्या. मेमरीवर क्लिक केलं की एकूण रॅम आणि खाली स्लॉट किती, त्यातले वापरात किती हे दिसतं. मावशीच्या लॅपटॉपला दोनपैकी एकच स्लॉट वापरात होता, म्हणजे दुसरा इतकी वर्षं रिकामाच पडून! डिस्कवर क्लिक करा, तिथे एसएसडी लिहिलंय की एचडीडी (म्हणजे हार्डडिस्क) ते बघा. आणि लॅपटॉप हळू चालत असतो त्या वेळी डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर अडकलेला दिसला तर समजा की दुखणं तिथे आहे, प्रोसेसर बिचारा नुसता वाट बघत बसलाय.

मग सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात अबाउट. तिथे सिस्टम टाइप म्हणून एक ओळ असते आणि तिचे दोन भाग असतात, पहिला ऑपरेटिंग सिस्टमचा आणि दुसरा प्रोसेसरचा. बघायचा तो दुसरा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर प्रोसेसर ६४ बिटचा असूनही दुकानदाराने विंडोज ३२ बिटची टाकलेली असते, आणि मालक वर्षानुवर्षं समजत असतो की आपलं मशीनच ३२ बिटचं आहे. दुसऱ्या भागात एक्स ६४ असं दिसलं की मशीन ६४ बिटचं आहे, विषय संपला. कोअर टू ड्युओपासून पुढचे जवळपास सगळे ६४ बिटचेच आहेत. खरे ३२ बिटचे म्हणजे २००८-०९ चे छोटे नेटबुक, ज्यात अॅटम एन २७० असायचा, किंवा त्याच्याही आधीचे पेंटियम एम वगैरे.

३२ बिट निघालं तर काय, हे आत्ताच सांगून टाकतो. चालेल, पण दिवस मोजके आहेत. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, डेबियन ही लिनक्सची एक मूळ डिस्ट्रो, तिची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली ती ३२ बिट इन्स्टॉलरशिवाय, आणि फायरफॉक्सनेही १४५ व्या व्हर्जनपासून ३२ बिट लिनक्स बंद केलं. ब्राउझरला अपडेट नाही म्हणजे त्यावर बँकेचं काम करायचं नाही. असं मशीन टायपिंग शिकायला, गाणी ऐकायला, पीडीएफ वाचायला ठेवा, त्यावर पैसे घालू नका.

ओएसच्या आधी एसएसडी आणि रॅम

लोक ओएस बदलतात, फरक थोडाच पडतो आणि मग लिनक्सला नावं ठेवतात. हार्डडिस्कमध्ये एक तबकडी फिरत असते आणि एक सुई तिच्यावर इकडून तिकडे जाते. लॅपटॉपमधली तबकडी बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद, त्यात सुई जागेवर जायचा वेळ मिळवला तर विखुरलेल्या छोट्या फाइली ती सेकंदाला शंभराच्या आतच वाचू शकते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, ती हेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशोबात करते. ओएस सुरू होणं, ब्राउझर उघडणं ही सगळी कामं म्हणजे हजारो छोट्या फाइली वाचणंच असतं. म्हणून २०१२ च्या लॅपटॉपमध्ये साधी अडीच इंची साटा एसएसडी टाकली की तो वेगळाच लॅपटॉप वाटतो, आणि जुन्या मदरबोर्डवरचा साटा पोर्ट स्लो असला तरी हा फरक कमी होत नाही, कारण फरक पोर्टच्या वेगाचा कमी आणि सुई हलायला लागणाऱ्या वेळाचा जास्त आहे.

२४० जीबीची घेतली तरी पुरे. अडीच इंची एसएसडी ७ मिमी जाडीची असते आणि जुन्या हार्डडिस्क बऱ्याचदा साडेनऊ मिमीच्या, त्यामुळे खाचेत थोडी सैल बसेल, पण जुन्या डिस्कची पत्र्याची फ्रेम काढून तिच्यावर लावली की स्क्रू बरोबर बसतात. ती फ्रेम फेकू नका. निघालेली हार्डडिस्क यूएसबी केसमध्ये टाका, बॅकअपला होते.

रॅमच्या बाबतीत एकच काळजी घ्या. डीडीआर ३ आणि डीडीआर ३ एल दिसायला सारखेच, पण पहिला दीड व्होल्टवर चालतो आणि दुसरा १.३५ वर. चौथ्या जनरेशनच्या आणि पुढच्या डीडीआर ३ वाल्या लॅपटॉपला एल वालाच लागतो, साधा टाकला तर चालू होणार नाही. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या, म्हणजे प्रश्नच मिटला. ४ चे ८ जीबी झाले की खाली जी हलक्या ओएसची चर्चा केलीय तिची गरजच निम्मी होते, कारण मग तुम्ही हवी ती डिस्ट्रो टाकू शकता.

२०१५ ते १८ मध्ये स्वस्तातले छोटे लॅपटॉप आले होते, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी (मेमरी कार्डासारखी साठवणूक), दोन्ही बोर्डाला चिकटवलेले. त्यात काहीच बदलता येत नाही. तिथे मात्र सगळी भिस्त ओएसवर.

आणि खालचं झाकण उघडलंच आहे तर पंखा बघा. मावशीच्या लॅपटॉपच्या पंख्यापुढे जी तांब्याची जाळी असते तिच्यावर धुळीचा असा थर बसला होता की चिमट्याने धरला तर कापसाच्या वातीसारखा अख्खा उचलून आला. हवा बाहेर जायला जागाच नाही म्हटल्यावर प्रोसेसर तापणार आणि तापला की स्वतःहून वेग कमी करणार. हे साफ न करता कुठलीही ओएस टाका, दुपारी तीनच्या उन्हात लॅपटॉप रडणारच.

काम काय करणार?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. यूट्यूब, व्हॉट्सअॅप वेब, मेल, ऑनलाइन फॉर्म, पीडीएफ, थोडं वर्ड-एक्सेल, मुलांचा अभ्यास, एवढंच असेल तर लिनक्स बिनधास्त टाका.

पण काही कामं अशी आहेत की तिथे मी स्वतः सांगतो, विंडोज काढू नका. टॅलीवर हिशोब असतील तर नाही. डीटीपीचं काम श्रीलिपीत किंवा ऑफिसचं टायपिंग आयएसएममध्ये असेल तर नाही, कारण ही सॉफ्टवेअर विंडोजचीच. सेतू किंवा सीएससी केंद्र चालवत असाल, अंगठ्याचं मशीन जोडत असाल, तर त्याची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज आणि अँड्रॉइड धरूनच बनवलेली असते. टेंडर भरायला डिजिटल सहीचा टोकन लागत असेल तर काही टोकनचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण शेवटच्या तारखेच्या रात्री अकरा वाजता ते चाललं नाही तर काय कराल? अशांनी एसएसडी टाकून विंडोजच ठेवा, नाहीतर दोन्ही ओएस शेजारी शेजारी ठेवा आणि विंडोज फक्त त्याच कामापुरतं उघडा.

प्रिंटरचंही इथेच बघून घ्या. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर चालतात, लेसरजेट १०२० आणि एम १००५ ला एचपीचं एक जास्तीचं प्लगिन डाउनलोड करावं लागतं, ते एचपीलिप नावाच्या टूलमधून होतं. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसतो, त्याला मात्र वेगळा जुना ड्रायव्हर लागतो आणि नवशिक्या माणसाला तो बसवणं जड जातं.

आता ओएस

आधी एक आकडा डोक्यात ठेवा. लिनक्स मिंट या डिस्ट्रोची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती नुसती सुरू केली, काहीच उघडलं नाही, तर माझ्याकडे ८०० एमबीच्या आसपास रॅम खाते. लुबंटू त्यापेक्षा दोनेकशे एमबी कमी. अँटिएक्स २५० च्या आसपास. पण त्यावर फायरफॉक्स उघडून जीमेल, यूट्यूब आणि दोन-तीन टॅब टाकले की तो एकटाच दीड जीबी घेतो, आणि हे तिन्ही ओएसवर सारखंच. म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी असतील तर मिंट आणि अँटिएक्समधला अर्धा जीबीचा फरक दोन-तीन टॅबांएवढा आहे, त्यासाठी रोजची सोय सोडायची का हा विचार करा. तुमच्याकडे २ जीबीच असतील तर तोच अर्धा जीबी सोन्यासारखा.

*४ जीबी किंवा जास्त, ६४ बिट:* लिनक्स मिंट एक्सएफसीई. मी डोळे झाकून हेच सांगतो. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय, विंडोज ७ वापरलेल्या माणसाला पाच मिनिटांत सवय होते. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे एकदा टाकलं की तोपर्यंत पुन्हा उचकायची गरज नाही. मिंटचीच सिनॅमन आवृत्ती जास्त देखणी आहे, पण ती ८ जीबी असेल तरच. मिंट आवडलं नाही तर एमएक्स लिनक्सही चांगलं, तेही एक्सएफसीईवर आहे, टूल्स भरपूर देतात, फक्त पहिल्यांदा लिनक्स बघणाऱ्याला तेवढे पर्याय बघून भांबावायला होतं.

*२ ते ३ जीबी, ६४ बिट:* लुबंटू. २०१८ पासून त्यात एलएक्सक्यूटी डेस्कटॉप आहे, साधा, हलका, नीटनेटका. २४.०४ ला अपडेट एप्रिल २०२७ पर्यंतच आहेत हे लक्षात ठेवा, त्यानंतर पुढच्या व्हर्जनवर जावं लागेल. वर म्हटलेले ते चिकटवलेल्या रॅमचे छोटे लॅपटॉप इथे बसतात.

*१ ते २ जीबी, किंवा ३२ बिट:* अँटिएक्स. डेबियनवर बांधलेलं आहे, आइसडब्ल्यूएम नावाचा अगदी हलका विंडो मॅनेजर वापरतं, आणि त्याची २३ वी आवृत्ती ३२ बिटमध्येही आहे. वेग बघून खरंच डोळे विस्फारतात. पण इथे मावशीचीच गोष्ट सांगतो. एसएसडी यायच्या आधी मी तिच्या लॅपटॉपवर अँटिएक्सच टाकलं होतं, म्हटलं सगळ्यात हलकं ते सगळ्यात चांगलं. दोन दिवसांनी फोन आला, "अरे ते वायफाय कुठून लावायचं, इथे दोन-तीन खिडक्या उघडतात आणि मला काही कळत नाही." अँटिएक्समध्ये वायफायसाठी कॉनमॅन असतो, त्याची खिडकी आपल्या सवयीच्या वायफाय यादीसारखी नाही, आणि बासष्ट वर्षांच्या बाईला पासवर्ड कुठे टाकायचा हे फोनवर समजावताना अर्धा तास गेला. तिची चूक काहीच नव्हती, मी तिच्या हाताला न जमणारी गोष्ट तिला दिली होती. एसएसडी आणि दुसरी ४ जीबीची पट्टी टाकून मिंट घातलं आणि तिचे फोन बंद झाले. म्हणून अँटिएक्स स्वतः वापरणार असाल तर घ्या, दुसऱ्याला देणार असाल तर आधी समोर बसवून वापरून घ्या. त्याऐवजी क्यू ४ ओएस ट्रिनिटी डेस्कटॉपसह बघा, ते विंडोज एक्सपीच्या जवळचं दिसतं, हलकंही आहे.

*त्याहूनही कमी:* पपी लिनक्स. बॅरी काउलर नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने २००३ मध्ये सुरू केलं, पेनड्राइव्हवरून उठतं आणि सगळं रॅममध्ये जाऊन बसतं. हार्डडिस्क मेलेल्या लॅपटॉपमधून काम करायला किंवा अडकलेल्या फाइली काढायला एकदम भारी. रोजच्या वापराला माझी पसंती नाही.

क्रोमओएस फ्लेक्स वेगळ्या जातीचं आहे. गूगलचं, फुकट, ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा लागते, ६४ बिटच हवं. उघडलं की क्रोम, बास. आजी-आजोबांना फक्त व्हिडिओ कॉल आणि यूट्यूब करायचं असेल तर याच्यासारखं बिनडोकेदुखीचं काही नाही, अपडेट स्वतःच होतात. पण त्यात प्ले स्टोअर नाही, अँड्रॉइडची अॅप चालत नाहीत, आणि टाकताना ते अख्खी डिस्क पुसतं, विंडोजच्या शेजारी बसत नाही.

पेनड्राइव्हवरून दोन दिवस वापरून बघा

हे पाऊल गाळू नका. लिनक्सची मोठी सोय ही की इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं, डिस्कला हात लागत नाही.

८ जीबीचा तरी पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे हे लक्षात ठेवून. पेनड्राइव्हवर ओएस टाकायला विंडोजवर रुफस वापरा, किंवा व्हेंटॉय. व्हेंटॉयचा फायदा असा की पेनड्राइव्हवर तो एकदा टाकला की नंतर आयएसओ फाइल (ओएसची डाउनलोड केलेली फाइल) नुसती कॉपी करायची, म्हणजे ३२ जीबीच्या एकाच पेनड्राइव्हवर मिंट, लुबंटू, अँटिएक्स तिन्ही ठेवून तिन्ही चाखून बघता येतात. आयएसओ मूळ साइटवरूनच घ्या, आणि तिथे शा २५६ चा जो लांबलचक आकडा दिलेला असतो तो जुळवून बघा. आपल्याकडे नेट मध्येच तुटतं, फाइल अर्धवट उतरते आणि मग इन्स्टॉल मध्येच अडकलं की माणूस लॅपटॉपला दोष देतो.

लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताना बूट मेनूचं (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायचं) बटण दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, आसूसला एस्केप. एसरला एफ १२ आहे, पण ते आधी एफ २ दाबून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करावं लागतं. काळा स्क्रीन येऊन अडकलं तर पुन्हा चालू करून मिंटच्या पहिल्या मेनूत कंपॅटिबिलिटी मोड निवडा, जुन्या ग्राफिक्स कार्डांना बऱ्याचदा तेवढंच हवं असतं.

डेस्कटॉप आला की लगेच खुश होऊ नका. वायफाय लागतंय का, आणि राउटरपासून दुसऱ्या खोलीत गेल्यावर टिकतंय का? आवाज येतो का, हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो का, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल, झाकण मिटून उघडल्यावर जाग येते का, प्रिंटर. आणि मग तुमचं खरं काम करा, तीच शीट उघडा, तोच फॉर्म भरा, ज्याचा लॅपटॉप आहे त्यालाच बसवा. पेनड्राइव्हवरून चालताना सगळं थोडं हळूच चालणार, त्यामुळे वेग इथे मोजू नका.

वायफाय दिसतच नाही असं झालं तर घाबरू नका. जुन्या लॅपटॉपांमधल्या ब्रॉडकॉमच्या कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो. मोबाईल केबलने जोडा, मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला नेट मिळतं, मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून तो ड्रायव्हर टाकून घ्या.

इन्स्टॉल

आधी बॅकअप. फोटो, लग्नाचे व्हिडिओ, डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेले सातबारा आणि मार्कशीट, डेस्कटॉपवरच्या फाइली, ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड. डेस्कटॉप सगळे विसरतात. बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून झाल्यावर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली उघडून बघा.

इन्स्टॉलर चालू केला की मिंटमध्ये मल्टिमीडिया कोडेकची एक चौकोनी खूण येते, ती करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. पुढे डिस्कचा प्रश्न येतो. नवीन एसएसडी असेल तर सरळ डिस्क पुसून टाका म्हणा. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तोही, आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करा. पेनड्राइव्हवर इन्स्टॉल होत नाही ना, हे पण बघा, डिस्कच्या यादीत जीबीचा आकडा वाचून मगच पुढे जा. बाकी नाव, पासवर्ड, टाइम झोन कोलकाता, पंधरा-वीस मिनिटांत होतं.

टाकल्यावर

पहिलं म्हणजे अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट. दुसरं टाइमशिफ्ट, ते सिस्टमची प्रत काढून ठेवतं, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येतं. लहान डिस्क असेल तर दोनच प्रती ठेवा.

रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर झेडरॅम घ्या. रॅम भरायला लागली की तो आतला माल दाबून घट्ट करून रॅममध्येच ठेवतो, डिस्ककडे पळावं लागत नाही. सिनॅप्टिकमध्ये (मेनूतलं सॉफ्टवेअर टाकायचं टूल) झेडरॅम कॉन्फिग शोधा, इन्स्टॉल करा, रीस्टार्ट.

मग ब्राउझर. यूब्लॉक ओरिजिन टाका, जाहिराती गेल्या की जुन्या मशीनवर बातम्यांच्या साइट दुप्पट हलक्या वाटतात. यूट्यूब अडखळत असेल तर त्याचं एक कारण असं की यूट्यूब हल्ली व्हीपी ९ किंवा एव्ही १ या पद्धतींनी दाबलेला व्हिडिओ पाठवतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनच्या इंटेल ग्राफिक्सला ते स्वतः उलगडता येत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा किंचाळायला लागतो. एच २६४ मात्र ते ग्राफिक्स सहज उलगडतं. एच २६४ इफाय नावाचं एक छोटं एक्स्टेन्शन आहे, ते यूट्यूबला सांगतं की मला एच २६४ च पाठव. ते टाका आणि ७२० पीवर बघा. मावशीच्या लॅपटॉपवर कीर्तनाचे दोन-दोन तासांचे व्हिडिओ आता पंख्याच्या आवाजाशिवाय चालतात.

मराठी टायपिंगसाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट, तिथे वर सिस्टमचे डिफॉल्ट वापरण्याची खूण काढा म्हणजे खालची बटणं चालू होतात. मग इंडियनच्या यादीत मराठीचे पर्याय आहेत, इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांसाठी एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक हवं असणाऱ्यांसाठी कगप. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस आणि एम १७ एन टाकून मराठी आयट्रान्स निवडा. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडल्या की अगम्य अक्षरं दिसतील, फाइल खराब झालेली नसते, तो फॉन्ट या मशीनवर नाही एवढंच. फॉन्टची फाइल तुमच्याकडे असेल तर ती टाका की दिसेल.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. सगळं व्यवस्थित टाकलं तरी एकही साइट उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी सुरक्षेची सूचना येते, असं झालं तर उजवीकडचं घड्याळ बघा. जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवर एक छोटी नाण्यासारखी बॅटरी असते, बहुतेक सीआर २०३२, ती संपली की चार्जर काढल्यावर तारीख कुठल्या कुठे मागे जाते, आणि ब्राउझरला वाटतं की साइटचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. काही मॉडेलमध्ये तिला वायर जोडलेली असते, तशी असेल तर लॅपटॉपच्या सुट्या भागांच्या दुकानात बघा.

मावशीच्या लॅपटॉपवर आता बटण दाबल्यापासून शीट उघडेपर्यंत ५५ सेकंद लागतात, त्यातले दहा-बारा तिचे पासवर्ड टाइप करण्याचे. झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवलीय, अपडेटच्या ढालीच्या चिन्हावर ठिपका दिसला की रविवारी चार्जर लावून ते दाबायचं आणि पासवर्ड टाकायचा, एवढंच. मागच्या आठवड्यात तिने फोन करून विचारलं की शेजारच्या काकूंचा लॅपटॉप पण असाच करून देशील का, त्यांना मी आधी टास्क मॅनेजरचा फोटो काढून पाठवायला सांगितलंय.